मध्येच निघून गेलेल्यांचा रकाना

प्रति,
अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञान शाखांच्या निवड व पदोन्नती समित्यांचे सर्व सदस्य

सादर नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. एकवीस वर्षं हीट ट्रान्सफर, म्हणजे उष्णता कशी वाहते ते, शिकवते आहे, उकळत्या द्रवांवर प्रयोग करते आहे आणि त्यातली बारा वर्षं तुमच्यासारखीच निवड समित्यांवर बसते आहे. तेव्हा या पत्रात कुठे 'तुम्ही' आलं, तर त्यात मी स्वतःलाही धरलेलं आहे. ज्या निर्णयांबद्दल लिहिणार आहे त्यांतल्या बऱ्याच निर्णयांवर माझी सही आहे.

काही वर्षांपूर्वीची एक बैठक सांगते. प्रत्येकापुढे एक तक्ता ठेवलेला होता. डावीकडे उमेदवारांची नावं आणि पुढे रकाने: पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या लेखांत आलेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती, ग्रँट किती, हाताखाली पीएचडी किती झाल्या. एका उमेदवाराच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात अकरा होते. बाकीच्यांचे तीन, चार, फार तर पाच. अध्यक्षांनी त्या अकराभोवती पेन्सिलीने गोल काढला. मुलाखत वीस मिनिटं चालली. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा काय, कोणत्या उद्योगांशी बोलणी चालू आहेत, एवढं विचारून झालं. अकराजण पूर्ण झाले, तर सुरुवात कितीजणांनी केली होती, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. निवड एकमताने झाली.

दोन वर्षांनी त्यांच्या लॅबमधली एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. गाइड बदलून मिळेल का, हे विचारायला. बरोबर तिची वही होती. ती वही मी त्या दिवशी तासभर वाचली आणि आजही तिची पानं मला आठवतात.

इलेक्ट्रॉनिक भाग थंड ठेवण्यासाठी वापरतात तशा एका द्रवावर ती काम करत होती. तांब्याचा छोटा ठोकळा, खाली हीटर, ठोकळ्यात टोचलेले, तापमान मोजणारे चार थर्मोकपल आणि वर द्रव. उष्णता हळूहळू वाढवायची आणि पृष्ठभाग किती तापल्यावर उकळणं सुरू होतं ते टिपायचं. तिच्या वहीत पहिल्या दोन महिन्यांत रोज वेगळा आलेख होता. सोमवारचा शुक्रवारशी जुळत नव्हता. थर्मोकपल तिने दोनदा काढून पुन्हा कॅलिब्रेट केले, म्हणजे ते बरोबर मोजतात ना हे तपासून जुळवले. पृष्ठभाग पॉलिश करून पाहिला. शेवटी तिच्या लक्षात आलं की असल्या द्रवात हवा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळते. ती हवा बाहेर पडताना बुडबुडे धरतात, उकळणं अपेक्षेपेक्षा आधीच सुरू झाल्यासारखं दिसतं आणि अख्खा आलेख डावीकडे सरकतो. मग ती रोज सकाळी लवकर येऊन आधी द्रव काही तास उकळत ठेवायची, वाफ कंडेन्सरमधून परत खाली आणायची, सुटलेली हवा वरच्या झडपेतून सोडून द्यायची आणि त्यानंतरच रीडिंग घ्यायची. वहीत तिथून पुढे ओळीने तीन दिवसांचे आलेख एकावर एक बसत होते. तिसऱ्या आलेखाखाली तिने तारीख घालून लिहिलं होतं, "आज पहिल्यांदा विश्वास वाटला."

अडचण अशी झाली की हा विश्वासाचा आलेख त्याच लॅबने आधी छापलेल्या आलेखाशी जुळत नव्हता. तिने गाइडना दाखवला. "जुनं उकरू नकोस, नवीन पेपरचं बघ," एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या मीटिंगमध्ये तिचा विषय बदलला. आठ महिन्यांचं काम वहीतच राहिलं.

गाइड बदलून देणं नियमात बसत नव्हतं. ती सोडून गेली. पुढच्या वर्षी त्या उमेदवाराच्या, म्हणजे आता प्राध्यापक झालेल्या गृहस्थांच्या, तक्त्यात अकराचे बारा झाले. तिच्यासाठी आपल्या तक्त्यात जागाच नव्हती.

सदस्यहो, माझं म्हणणं एकच आहे. प्राध्यापक नेमताना आपण एका माणसाची हुशारी विकत घेत नसतो. आठ-दहा तरुण माणसांची उमेदीची पाच-पाच वर्षं त्याच्या हाती सोपवत असतो. तो ती कशी सांभाळतो याचा पुरावा आपण मागत नाही. म्हणून त्याच्या लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाचं काय झालं, मध्येच निघून गेलेल्यांचंसुद्धा, हे निवडीच्या टेबलावर आलं पाहिजे आणि पेपरांच्या आकड्याच्या आधी वाचलं गेलं पाहिजे.

बॉयलर चालवायला द्यायचा तर आपण प्रमाणपत्र मागतो. दाबाखालचं भांडं आहे, चूक झाली तर माणसं दगावतील, हे आपल्याला पटलेलं असतं. लॅबप्रमुख मात्र काल संध्याकाळपर्यंत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर काम करणारा संशोधक, असतो. त्याने लेसर जुळवलेला असतो, कोड लिहिलेला असतो, पेपर लिहिलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे खरेदी येते, सुरक्षेची जबाबदारी येते, दोन विद्यार्थ्यांतलं पहिल्या लेखकपदावरचं भांडण येतं, घरच्या आजारपणाने खचलेला एक मुलगा येतो. यांपैकी एकाही गोष्टीचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नसतं. कित्येकजण मुळात चांगले असतात आणि आपापले गाइड जसे वागले तसंच वागतात, कारण तेवढंच त्यांनी पाहिलेलं असतं. मला तर पहिल्या तीन वर्षांत विद्यार्थ्याला 'हे चुकलंय' असं कसं सांगावं हेही येत नव्हतं. मी गप्प बसायचे आणि तो मुलगा ते गप्प बसणं म्हणजे होकार समजायचा. त्याची दोन वर्षं त्यात गेली. त्याची मी त्याच्याकडे माफी मागितलेली आहे.

आता आकड्यांबद्दल. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला. ज्याच्या अमुक इतक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन आहेत, तो त्याचा एच. त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलं होतं की एका आकड्यातून माणसाच्या बहुपेडी कामाचं ढोबळ चित्रच काय ते मिळू शकतं. २०२० मध्ये तर त्यांनी स्वतःच कबूल केलं की हे मोजमाप सपशेल फसू शकतं आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. इम्पॅक्ट फॅक्टरचं, म्हणजे एखाद्या जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्याचंही तेच. युजीन गारफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला तो आपल्या सायटेशन इंडेक्ससाठी, म्हणजे कोणत्या लेखाचा उल्लेख कुठे झाला याच्या सूचीसाठी, जर्नलं निवडायला. माणसं निवडायला तो बनवलेलाच नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही संपादक आणि प्रकाशक जमले आणि त्यातून 'डोरा' हा जाहीरनामा निघाला: जर्नलच्या आकड्यावरून लेखाची किंवा माणसाची किंमत ठरवू नका. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वं मांडली; त्यातलं पहिलंच असं, की आकडे जाणकारांच्या पारखीला आधार म्हणून वापरावेत, तिच्या जागी नव्हेत. जगभरातल्या कितीतरी संस्थांनी डोरावर सही केली आहे. मी ज्या बैठकांना बसले त्यांतल्या काही अशाच संस्थांत होत्या, आणि तिथेही टेबलावर तोच तक्ता होता.

आपल्या शाखांत या आकड्यांचं नुकसान आणखी वाढतं, कारण अभियांत्रिकीत काही कामं मुळातच सावकाश होतात. वीजकेंद्रातल्या वाफेच्या नळ्यांचं पोलाद घ्या. तापलेल्या अवस्थेत सतत ताण सोसत ते किती वर्षांनी तुटेल, हे कळायला नमुना भट्टीत टांगून ठेवावा लागतो आणि वाट पाहावी लागते. याला क्रीप टेस्ट म्हणतात. डिझाइनसाठी आपण १,००,००० तासांची ताकद धरतो, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या जवळपास. जपानच्या राष्ट्रीय धातू संशोधन संस्थेने १९६६ मध्ये अशा चाचण्यांची मालिकाच सुरू केली, तिचे डेटाशीट दशकानुदशकं निघत राहिले आणि जगभरच्या डिझायनरांनी ते वापरले. ज्याने नमुना टांगला तो बहुतेकदा तो तुटताना तिथे नसतो. आपल्या तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये आणि पाच वर्षांच्या पदोन्नतीच्या फेऱ्यात अशा माणसाला जागा कुठे आहे? तो हळूच सहा महिन्यांत संपणाऱ्या विषयाकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही. तिकडे आपणच ढकललेलं असतं.

गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ विल्यम काहान यांचं काम आठवा. १९८० च्या आधी प्रत्येक कंपनीचा संगणक अपूर्णांकांची बेरीज-भागाकार आपापल्या पद्धतीने करायचा. एका यंत्रावर बरोबर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर चुकायचा. काहान समितीत बसले, वर्षानुवर्षं वाद घातले आणि १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक आलं. आज कोणताही इंजिनिअर स्ट्रेस अॅनालिसिस करतो किंवा हवामानाचं मॉडेल चालवतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक आकड्याखाली ते मानक असतं. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाला. जॅक डोंगारा यांना तोच पुरस्कार २०२१ साठी मिळाला, लिनपॅक आणि लापॅकसारख्या, समीकरणं सोडवणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या लायब्ररींवरच्या कामासाठी. त्या लायब्ररी वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्यांची नावंही माहीत नसतात. मानकांच्या समितीत घालवलेली वर्षं, इतरांनी वापरावा म्हणून नीट लिहिलेला कोड, उभं केलेलं उपकरण: हे आपल्या तक्त्यात 'इतर' मध्ये जातं. इतरला किती गुण असतात ते तुम्हाला माहीत आहे.

आणि आपण वाचतो किती? लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडलबर्गच्या गणित परिषदेत बाउंडरी लेअरची, म्हणजे वाहत्या हवेच्या किंवा द्रवाच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थराची, कल्पना मांडली. छापलेला लेख आठ पानांचा. विमानाच्या पंखाभोवतीच्या हवेचं आजचं बरंचसं गणित त्या आठ पानांतून फुटलं. ते ग्योटिंगेनला गेले, तिथे त्यांनी संशोधकांची शाळाच उभी केली आणि फॉन कारमानसारखे विद्यार्थी तिथून बाहेर पडले. आठ पानं समितीच्या सदस्याला एका दुपारी वाचता येतात. ऐंशी पेपरांची यादी वाचता येत नाही, फक्त मोजता येते. आपण मोजतो.

प्रत्येक बैठकीत या मुद्द्यावर मला एक उत्तर मिळतं, आणि त्यात तथ्य आहे म्हणून ते बाजूला सारणार नाही. उत्तर असं: आकडे गेले की ओळखी येतील. आकड्यांच्या आधी काय होतं? 'आपला माणूस' होता. फोनवर ठरायचं. ज्याचा गाइड वजनदार त्याचं काम व्हायचं, बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसायचं. जिला कोणीच ओळखत नव्हतं अशा मुलीला त्या तक्त्याने पहिल्यांदा बोलायची संधी दिली. तिचे वीस पेपर कोणाला नाकारता आले नाहीत. मी स्वतः तशीच आत आले. माझ्यासाठी शिफारस करणारं कोणी नव्हतं. म्हणून तक्ता फाडून टाका असं मी म्हणणार नाही.

पण पक्षपाताला अडवायला आकडाच लागतो, हे मला आता पटत नाही. त्यासाठी लागतात ते सगळ्यांना सारखेच विचारलेले प्रश्न, आधी लिहून ठेवलेले निकष आणि निर्णयानंतर लिहून दिलेली कारणं. 'उमेदवार क्रमांक दोनला का घेतलं नाही' याचं अर्धं पान नावानिशी लिहावं लागलं, तर फोनवर ठरवलेली निवड फार काळ टिकत नाही. आकडा हे कष्ट वाचवतो आणि म्हणूनच आपल्याला तो आवडतो. शिवाय ओळखीचं राजकारण आकड्यांतही शिरलेलंच आहे: एकमेकांना सायटेशन द्यायची, लॅबमध्ये पाऊलही न टाकलेल्या वरिष्ठाचं नाव पेपरवर घालायचं.

या नाव घालण्याबद्दल थोडं सविस्तर बोलते. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि त्यांचे गाइड जेरार मूरू यांनी लेसरचा स्पंद आधी ताणून लांब करायचा, मग त्याची ताकद वाढवायची आणि शेवटी तो दाबून पुन्हा आखूड करायचा, ही युक्ती छापली. लेख तीन पानांचा होता आणि स्ट्रिकलंड यांचा पहिलाच. त्यावर पहिलं नाव विद्यार्थिनीचं आहे, गाइडचं दुसरं. २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं, आणि त्या दिवशी स्ट्रिकलंड सहयोगी प्राध्यापकच होत्या. पूर्ण प्राध्यापकपदासाठी आपण अर्जच केला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. या प्रसंगाकडे लोक त्यांच्या पदासाठी पाहतात. मला त्यातला नावांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. कुणी काय केलं हे पेपरवर खरंखुरं लिहिणं हा नेतृत्वाचाच भाग आहे. आता त्यासाठी चौदा भूमिकांची एक ठरलेली यादीही जर्नलं वापरतात: कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केला, सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, पैसा कोणी आणला. ती यादी पेपरच्या शेवटी बारीक अक्षरांत असते. निवड समितीत ती कोणी उघडून पाहिलेली मला आठवत नाही.

नाव घेतलं की जबाबदारीही घ्यावी लागते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक शोन यांच्या बनावट डेटाच्या प्रकरणाची चौकशी झाली. चोवीस आरोपांपैकी सोळांत गैरप्रकार सिद्ध झाला. मूळ डेटा पुसलेला होता, नीट ठेवलेल्या वह्या नव्हत्या. सहलेखक गैरप्रकारातून मुक्त झाले, पण त्यांनी पुरेशी काळजी घेतली होती का, हा प्रश्न चौकशी समितीला विचारावासा वाटलाच. या प्रकरणाशेजारी दुसरं एक ठेवा. फ्रान्सिस आर्नल्ड केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक, २०१८ च्या नोबेलच्या मानकरी. २०१९ मध्ये त्यांच्या गटाचा एन्झाइमवरचा एक पेपर आला. तो प्रयोग पुन्हा करता येईना, वहीत महत्त्वाच्या प्रयोगांच्या नोंदी आणि मूळ डेटा सापडेना. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी तो मागे घेतला आणि जाहीरपणे माफी मागितली: पेपर पाठवला तेव्हा मी कामात होते, मी माझं काम नीट केलं नाही. दोष विद्यार्थ्यावर ढकलणं त्यांना सहज शक्य होतं. तसं त्यांनी केलं नाही. आपल्या तक्त्यात मागे घेतलेला पेपर म्हणजे वजाबाकी असते. मी निवड समितीत असते तर या एका कृतीला दहा पेपरांइतकं वजन दिलं असतं.

त्या विद्यार्थिनीच्या वहीत अशीच संधी होती. जुना आलेख चुकलेला असेल, हे मान्य करायला एक पान पुरलं असतं. ज्या लॅबमध्ये असं मान्य करता येतं, तिथे पुढचे विद्यार्थी खरं सांगायला घाबरत नाहीत. जिथे करता येत नाही, तिथे ते जुळेल असंच रीडिंग शोधत राहतात.

करारांवरच्या माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. नेतृत्व कोणाच्या जिवावर चालतं? सहा महिने, वर्ष, फार तर दोन वर्षांच्या नेमणुकांवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या पोस्टडॉकच्या. जर्मनीत २००७ च्या कायद्याने विद्यापीठांतल्या तात्पुरत्या नेमणुकीला पीएचडीपूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. तात्पुरत्या नेमणुका अनंतकाळ लांबू नयेत, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. पण कायमच्या जागा वाढल्या नाहीत, तेव्हा मर्यादा संपली की माणूसच बाहेर. २०२१ मध्ये, हा कायदा समजावणाऱ्या सरकारच्या एका छोट्या व्हिडिओतल्या हॅना नावाच्या पात्रावरून हजारो संशोधकांनी 'मी हॅना' म्हणत आपल्या नेमणुकांच्या कहाण्या लिहिल्या. ब्रिटनमध्ये संशोधकांच्या घडणीविषयी संस्थांनी स्वीकारलेल्या २०१९ च्या कराराने पोस्टडॉकना वर्षाला किमान दहा दिवस स्वतःच्या घडणीसाठी मिळावेत असं ठरवलं. दहा दिवस ऐकायला थोडे वाटतात. माझ्या ओळखीच्या कितीतरी लॅबप्रमुखांना तेही देववत नाहीत. ज्याची नेमणूक त्याच्या प्रमुखाच्या एका शब्दावर वाढते किंवा संपते, तो त्या प्रमुखाच्या आलेखावर बोट कसं ठेवणार? कराराच्या मुदतीचा आणि संशोधनातल्या खरेपणाचा संबंध इतका सरळ आहे.

आणखी एक गोष्ट राहून जाते. आपल्याकडे पीएचडी केलेले कितीतरीजण उद्योगात जातात, आणि आपण त्यांच्याबद्दल 'गेला' असं बोलतो, जणू हरवला. ज्याने टर्बाइनच्या पात्याचं आयुष्य वाढवलं, ज्याने रुग्णालयातल्या पंपाचा अलार्म वेळेवर वाजेल असा केला, तो त्या लॅबचा निकाल नाही का? मध्ये सोडून गेलेल्यांमध्येही सगळ्या दुःखाच्या कहाण्या नसतात. कोणाला चांगली नोकरी मिळालेली असते, कोणाला विषयच नकोसा झालेला असतो. म्हणूनच तो रकाना नुसत्या आकड्याचा करू नका अशी विनंती आहे. पाच गेले म्हणून गुण वजा, असं केलंत तर उद्या कोणी सोडूच देणार नाही, किंवा अवघड वाटणाऱ्या विद्यार्थ्याला आतच घेणार नाही. तिथे वाक्यं हवीत. कोण आलं, कधी आलं, आज कुठे आहे, आणि गेलं असेल तर का. आणि ते उमेदवाराने एकट्याने लिहू नये. त्यांतल्या दोघांशी समितीने बोलावं, त्यातला एक मध्येच गेलेला असावा.

बाकी ज्या सुधारणा मला दिसतात त्या खर्चाच्या नाहीत. उमेदवाराने स्वतः निवडलेला एक पेपर दोन सदस्यांनी पूर्ण वाचून यावा आणि मुलाखतीचा अर्धा वेळ त्यावर जावा. मूळ रीडिंगची वही त्यांनी बरोबर आणावी. नव्या लॅबप्रमुखाला पहिली दोन वर्षं एकच विद्यार्थी एकट्याने, बाकीचे कोणा अनुभवी सहकाऱ्याबरोबर द्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याला दुसरा गाइड असावा, तो पहिल्याच्या गटातला नसावा, आणि गाइड बदलण्याची वाट नियमात लिहिलेली असावी. लॅबमधला तंत्रज्ञ आणि संशोधनाचं सॉफ्टवेअर सांभाळणारा इंजिनिअर यांना कायमच्या जागा द्याव्यात, कारण गाइड बदलतात, विद्यार्थी जातात आणि कोणता गेज कधी कॅलिब्रेट केला हे माहीत असलेला माणूस तेवढा मागे राहतो. हा शेवटचा मुद्दा खर्चाचा आहे, हे मान्य. पण चुकीच्या रीडिंगवर उभ्या राहिलेल्या तीन पीएचडींचा खर्च कधी तरी मांडून पाहावा.

ती विद्यार्थिनी आज दुसऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. वर्षभरापूर्वी तिचं पत्र आलं. हवा काढून टाकण्याची तिची पद्धत तिथल्या लॅबच्या रोजच्या कार्यपत्रिकेत पहिली पायरी म्हणून लिहिली आहे. त्या पत्रात तक्रार नव्हती. फक्त शेवटी विचारलं होतं, की मी सोडून गेले तेव्हा तुमच्या फाइलमध्ये कारण काय लिहिलं होतं? मी जाऊन फाइल काढली. 'वैयक्तिक' असं लिहिलेलं होतं.

पुढच्या महिन्यात मी सदस्य असलेल्या एका समितीची बैठक आहे. सहा उमेदवार आहेत. लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाचं काय झालं, याचं एक पान प्रत्येकाकडून मागवावं असं पत्र मी अध्यक्षांना आज दिलं आहे, आणि ते पान न वाचता केलेल्या शिफारशीवर मी सही करणार नाही, हेही त्यात लिहिलं आहे. तुमच्या समितीच्या पुढच्या बैठकीची तारीखही ठरलेली असेलच.

आपली,
हीट ट्रान्सफरची एक प्राध्यापिका